परिचर्येची पदवी : हप्ता किती, पगार किती?

बारावीचा निकाल लागला, जीवशास्त्रात गुण बरे आहेत, पण एमबीबीएसच काय, बीडीएसही आवाक्यात नाही, अशा घरांत जून-जुलैमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : 'नर्सिंगला नोकरी पक्की.' हे वाक्य खोटे नाही. रुग्णालयांची संख्या वाढते आहे, खाटा वाढत आहेत आणि नोंदणीकृत परिचारिकेला फार दिवस घरी बसावे लागत नाही. परंतु या वाक्याच्या भरवशावर चार-पाच लाख रुपयांचे शैक्षणिक कर्ज उचलले जाते, तेव्हा खरा प्रश्न बदललेला असतो. नोकरी मिळेल का, हा प्रश्न मागे पडतो. पहिल्या पाच वर्षांत हातात किती पडेल, हा पुढे येतो. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात त्याचे उत्तर नसते. बँकेचा अधिकारीही ते क्वचितच विचारतो, कारण त्याच्या अर्जात पालकांच्या उत्पन्नाचा रकाना असतो, वॉर्डातल्या पगाराचा नसतो.

म्हणून ते गणित घरीच मांडून पाहिलेले बरे.

बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात शिक्षणशुल्क, वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तके असा सारा खर्च धरून त्यातील वर्षाला एक लाख रुपये कर्जातून भागवायचे, असे समजू. अनेक ठिकाणी खर्च याहून अधिक होतो, पण हिशेबाला लाख सोपे. चार वर्षांत मुद्दल झाले चार लाख. व्याजाचा दर दहा टक्के धरू. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेप्रमाणे अभ्यासक्रमाची वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असे नव्हे. पहिल्या वर्षी घेतलेल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज चढते, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन वर्षांचे. सरळव्याजाने हे होतात एक लाख चाळीस हजार रुपये. म्हणजे हप्ते सुरू होण्याच्या दिवशी मुलीच्या डोक्यावर चार लाख नव्हे, पाच लाख चाळीस हजारांचे कर्ज असते.

हे कर्ज दहा वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता येतो सुमारे ७,१३६ रुपये. पंधरा वर्षे घेतली तर ५,८०३ रुपये. पण तेव्हा एकूण परतफेड साडेदहा लाखांच्या जवळ जाते. आता समोरची बाजू पाहू. शहरातल्या मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात नव्या पदवीधर परिचारिकेला दरमहा १८ हजार रुपये मिळाले, असे धरू. भविष्य निर्वाह निधीचे १,८०० वजा जाता हातात १६,२००. गावाकडची मुलगी मुंबई-पुण्यात नोकरी करणार, तर खोलीत वाटेकरी होऊनही राहणे, जेवण आणि जाणे-येणे यांना नऊ हजार रुपये लागतातच. उरले ७,२००. त्यातून ७,१३६ रुपयांचा हप्ता दिला, की महिन्याला शिल्लक राहते ६४ रुपये. त्यात आजारपण नाही, दिवाळीला घरी जाण्याचे तिकीट नाही आणि धाकट्या भावाची वहीसुद्धा नाही.

हाच हप्ता सरकारी नोकरीत अगदी वेगळा दिसतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत, एम्समध्ये, नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता, जो २०२४ मध्येच मूळ वेतनाच्या पन्नास टक्क्यांवर पोचला होता, आणि घरभाडे भत्ता. राज्याच्या सेवेत घरभाडे न धरताही ही रक्कम त्रेपन्न हजारांवर जाते. तिथे ७,१३६ रुपयांचा हप्ता म्हणजे पगाराचा सातवा-आठवा हिस्सा. खासगी रुग्णालयात तो पगाराच्या चाळीस टक्के. पदवी तीच, विद्यापीठ तेच, कर्जही तेच. फरक आहे तो फक्त कुठल्या दारातून नोकरीत शिरायला मिळाले, याचा. पालकांची खरी गफलत इथे होते. कर्ज घेताना डोळ्यांसमोर सरकारी पगार असतो आणि हप्ता सुरू होतो तेव्हा हातात खासगी पगार असतो. सरकारी भरती दरवर्षी ठरल्या वेळी होत नाही. शासनाचाही कल कंत्राटाकडे राहिला आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी संप केला, त्यामागे बाह्यस्रोतामार्फत भरतीला असलेला विरोध हे प्रमुख कारण होते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी अधिपरिचारिकांच्या जाहिरातींत वीस हजार रुपयांचे एकत्रित मानधन दिसते. सरकारी इमारतीत काम, पण सरकारी श्रेणी नाही.

टंचाई असूनही पगार कमी का?

अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक वाचलेला माणूस विचारील, की मागणी एवढी आणि पुरवठा कमी, तर किंमत का चढत नाही? त्याचे एक कारण असे, की परिचारिकेच्या कामाचा खरेदीदार रुग्ण नसून रुग्णालय आहे. डॉक्टर आपली फी आपण ठरवू शकतो, स्वतःचा दवाखाना थाटू शकतो. परिचारिकेला नोकरीखेरीज मार्ग जवळपास नाही. रुग्णालयाच्या बिलात 'नर्सिंग चार्जेस' असा दिवसागणिक आकारलेला एक रकाना असतो. तो रकाना आणि रात्रपाळी करणाऱ्या मुलीच्या पगारपत्रकाचा परस्परसंबंध शोधू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही. शिवाय टंचाई असते ती अनुभवी, अतिदक्षता विभाग किंवा शस्त्रक्रियागृह सांभाळू शकणाऱ्या परिचारिकांची. नवख्या मुली दरवर्षी नव्या तुकडीने बाहेर पडतात आणि जुन्या परदेशी जातात, तेव्हा त्यांची जागा भरणे रुग्णालयाला स्वस्तच पडते.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचे वेतन आणि कामाची स्थिती यांचा विचार करण्यासाठी समिती नेमावी, असे न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला सांगितले. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतके वेतन द्यावे. शंभरावर खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर खाटांच्या ठिकाणी फार तर पंचवीस टक्के कमी आणि पन्नासहून लहान रुग्णालयातही वीस हजारांच्या खाली जाऊ नये, असे त्या समितीने सुचवले. शिफारशी राज्यांकडे गेल्या. केरळने परिचारिकांच्या आंदोलनाच्या रेट्याखाली एप्रिल २०१८ मध्ये खासगी रुग्णालयांसाठी वीस हजारांचे किमान वेतन अधिसूचित केले. ही शिफारस सर्वत्र अमलात आली असती, तर या लेखातील अर्धे गणित मांडावेच लागले नसते.

केरळचे उदाहरण दुसऱ्या कारणासाठीही लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिथली हजारो मुले-मुली शेजारच्या राज्यांतील खासगी महाविद्यालयांत कर्ज काढून नर्सिंग शिकली आणि परतल्यावर हातात पडलेल्या पगारातून हप्ते फिटेनात. २०११-१२ च्या सुमारास मुंबई, दिल्ली आणि केरळमध्ये परिचारिकांची जी आंदोलने झाली, त्यांत कमी पगाराबरोबरच बंधपत्र आणि अडवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे हे मुद्दे होते. कर्जात असलेल्या मुलीची प्रमाणपत्रे कपाटात बंद झाली, की चांगल्या पगाराची दुसरी नोकरी पकडण्याचा तिचा एकमेव उपायही बंद होतो. शैक्षणिक कर्जांच्या थकबाकीचा बोजा एवढा वाढला, की केरळ सरकारला २०१७ मध्ये परतफेडीला साहाय्य करणारी सुमारे नऊशे कोटींची योजना आणावी लागली. ती सर्वच शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी होती, नर्सिंगचे विद्यार्थीही त्यांत होते.

थोडे विषयांतर करून सांगायचे तर परिचर्या हे मुळात कर्ज काढून शिकण्याचे शिक्षण नव्हतेच. रुग्णालयाला जोडलेली प्रशिक्षण शाळा, तिथेच राहणे, तिथेच वॉर्डात काम आणि महिन्याला थोडेबहुत विद्यावेतन, अशी ही रीत होती. विद्यार्थिनीचे काम रुग्णालयाला लागत असे आणि त्याचा मोबदला शिक्षणाच्या रूपाने मिळत असे. आजही तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली वॉर्डात काम करतात. मात्र पैसा आता उलट दिशेने वाहतो. इंग्लंडमध्येही हेच झाले. तिथे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मिळणारे अनुदान २०१७ मध्ये नव्या प्रवेशांसाठी बंद करून कर्ज सुरू केले गेले, अर्जांची संख्या घसरली आणि २०२० मध्ये वर्षाला किमान पाच हजार पौंडांचे अनुदान पुन्हा द्यावे लागले.

पदवी की पदविका?

कर्जाच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो पुरेसा विचारला जात नाही. जीएनएम ही पदविका तीन वर्षांची. अनेक खासगी रुग्णालयांत पदवीधर आणि पदविकाधारक एकाच पाळीत, एकाच कामावर असतात आणि त्यांच्या पहिल्या पगारातील फरक नगण्य असतो. वरच्या गणितातील आकडे घेतले, तर चौथ्या वर्षाचा खर्च एक लाख आणि त्या वर्षी बुडालेला पगार जवळपास दोन लाख. मग या तीन लाखांच्या बदल्यात पदवी काय देते?

देते, पण नेमक्या काही ठिकाणी. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची जी सामायिक परीक्षा २०२० पासून घेतली जाते, तिला नोंदणी झालेली पदवीधर अनुभवाशिवाय बसू शकते. पदविकाधारकाला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आयुष्मान आरोग्य मंदिरांतील समुदाय आरोग्य अधिकारी या पदाचा मार्ग पदवीधराला खुला आहे आणि महाराष्ट्रात त्या पदाला २५ हजार रुपये मानधन आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम अशी रचना राहिली आहे. पदव्युत्तर शिक्षण आणि अध्यापनाच्या नोकऱ्या पदवीशिवाय नाहीत. म्हणजे स्पर्धा परीक्षेला मनापासून बसणारी, किंवा पुढे शिकवायचे ठरवलेली मुलगी असेल, तर पदवीचे चौथे वर्ष भरून निघते. गावाजवळच्या रुग्णालयातच नोकरी करायची असेल, तर पदविका करून, दोन वर्षे कमावून, मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेणे हा कमी कर्जाचा रस्ता आहे. त्यात प्रतिष्ठा कमी, असे वाटणाऱ्यांनी हप्त्याचा आकडा पुन्हा एकदा पाहावा.

परदेशाचे काय, हा प्रश्न येणारच. ब्रिटनच्या आरोग्य सेवेत नव्या परिचारिकेची श्रेणी २०२५-२६ मध्ये वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून सुरू होते. रुपयांत मांडल्यास डोळे दिपतात. तिथले घरभाडे आणि कर पौंडांतच द्यावे लागतात, हे मांडायचे राहते. तरीही पाच लाखांचे कर्ज तिथल्या पगारातून दोन-तीन वर्षांत फिटू शकते, यात शंका नाही. अडचण वेगळी आहे. तिथवर पोचायला भाषेची परीक्षा, व्यवसाय नोंदणीची परीक्षा, बहुधा एक-दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि दार किती उघडे आहे हे आपल्या हातात नसते. ब्रिटनच्या नोंदवहीत परदेशातून येणाऱ्या नव्या परिचारिकांची संख्या २०२४-२५ या एका वर्षात आधीच्या वर्षापेक्षा जवळपास तीस टक्क्यांनी घटली. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी जो करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. पण जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत शिकणे हे वर्षभराचे काम आहे. हप्ता मात्र सवलतीचे वर्ष संपताच सुरू होतो.

आणि परदेशाच्या वाटेवर दुसरे कर्ज टपलेले असते. कुवेतच्या नोकरीसाठी एकेका परिचारिकेकडून वीस-वीस लाख रुपये उकळल्याचे प्रकार उघड झाल्यावर केंद्र सरकारने २०१५ मध्ये अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच करण्याचे बंधन घातले. परवानाधारक दलालालाही कायद्याने सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. याहून अधिक मागणारा कोणीही असो, त्याच्यासाठी घर गहाण टाकू नये.

मग कर्ज किती घ्यावे?

या लेखकाच्या मते एकच कसोटी पुरे : मासिक हप्ता हा खासगी रुग्णालयातील पहिल्या हातातल्या पगाराच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावा. सोळा हजार दोनशेचा पाचवा हिस्सा ३,२४०. दहा वर्षांच्या परतफेडीत एवढ्या हप्त्याला सुमारे दोन लाख पंचेचाळीस हजारांचे कर्ज पेलते. शिकतानाचे व्याज त्यात मिळवलेले असते, हे लक्षात घेतले तर प्रत्यक्ष उचलायची रक्कम चार वर्षांत मिळून एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास येते. चार लाख नव्हे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, म्हणून तेवढे घेण्याचा मोह होतो. तारण लागत नाही याचा अर्थ ते परवडते असा नव्हे.

सुदैवाने महाराष्ट्रातील मुलींसाठी हा आकडा आता पूर्वीइतका अशक्य राहिलेला नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. 'जवळचे कॉलेज आहे, थेट प्रवेश मिळतो' म्हणून व्यवस्थापन कोट्यात नाव घालणारे पालक एका सहीने ही माफी गमावतात. माफी मिळाली आणि कर्ज केवळ राहण्या-जेवणापुरते, वर्षाला पन्नास हजार, घेतले, तर दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता येतो ३,५६८. कसोटीच्या रेषेला जवळ जवळ लागून. मुलांना मात्र ही माफी नाही, आणि नर्सिंगला येणाऱ्या मुलांची संख्या वाढत असताना हा फरक त्यांच्या घरांना जाणवतो.

कर्जाशिवायची एक वाट तर पुण्यातूनच जाते. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे नर्सिंग महाविद्यालय, मुंबईतील नौदलाचे अश्विनी रुग्णालय आणि अशाच काही लष्करी संस्थांत मुलींना चार वर्षांची पदवी विनामूल्य दिली जाते. राहणे, जेवण आणि विद्यावेतनासह. निवड नीटच्या गुणांतून होते, जागा थोड्या आहेत आणि नंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये सेवा करण्याचे बंधन आहे. हे बंधन अधिकारीपदाचे आहे, एवढे ध्यानात घेतले तर ते ओझे वाटू नये.

कर्ज घ्यायचेच ठरले, तर दोन गोष्टी शिकत असतानाच करता येतात. एक, व्याज महिन्याच्या महिन्याला भरणे. चार लाखांच्या उदाहरणात हे केले तर दहा वर्षांच्या मुदतीतील हप्ता ७,१३६ वरून ५,२८६ वर येतो, शिवाय असे व्याज भरणाऱ्यास दरात एक टक्का सवलत देण्याची तरतूद बँकांच्या आदर्श योजनेत आहे. मुलींना वेगळी अर्धा टक्का सवलत देणाऱ्याही बँका आहेत. दुसरी, केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत कुटुंब आणि महाविद्यालय दोन्ही बसतात का, याची चौकशी कर्ज मंजूर होण्यापूर्वी करणे. साडेचार लाखांच्या आतील वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी ती आहे, पण कोणत्याही महाविद्यालयाला ती लागू होत नाही. प्राप्तिकरातील व्याजाच्या वजावटीचे आमिष दाखवले गेल्यास दुर्लक्ष करावे. महिना अठरा हजार कमावणारीला प्राप्तिकरच नसतो, मग वजावट कशातून?

महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा रुग्णालय पाहावे. स्वतःचे रुग्णालय आहे का, खाटा किती, त्यांवर रुग्ण किती, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हे प्रमाण कागदाबाहेरही दिसते का? रिकाम्या वॉर्डात शिकलेली मुलगी नोकरीच्या प्रात्यक्षिक चाचणीत अडते आणि सर्वात कमी पगाराच्या जागेवर जाऊन बसते. तिथून कर्जाचे गणित बिघडायला लागते. राष्ट्रीय नियामकाच्या मान्य यादीत नाव आहे की नाही, हेही परराज्यातील महाविद्यालयाबाबत तपासावे, विशेषतः कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या पालकांनी, कारण तिथून कर्नाटकात जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. गेल्या दोन तुकड्यांतील चार मुलींना गाठून पहिला पगार विचारला, तर माहितीपत्रकातील 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा अर्थ पाच मिनिटांत कळतो.

हप्ता जमणार नाही असे दिसू लागले, तर थकण्याची वाट न पाहता बँकेत लेखी अर्ज देऊन मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवून मागावी. एकूण व्याज वाढते, पण हप्ता उतरतो. नव्वद दिवस थकबाकी राहिली, की कर्ज अनुत्पादित ठरते आणि त्याची नोंद केवळ मुलीच्या नावावर होत नाही. सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांच्या पतनोंदीवरही ती उमटते, आणि पुढे धाकट्या मुलाच्या कर्जाचा अर्ज त्याच नोंदीपाशी अडतो.